बेंबीची वाट

बोदवडकडच्या खेड्यांत मी नर्सबाई म्हणून नोकरी केली. माझ्या आधी बाळंतपणं सुईणमायच्याच हातची. नाळ दोऱ्यानं बांधायची, विळ्यानं नाहीतर ब्लेडनं कापायची, वर हळद-तेल किंवा चुलीतली राख. आठ बोटं सोडून सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडी शस्त्रानं नाळ कापावी, असं चरकसंहितेत आहे. चुकीच्या कापण्यानं बेंबीला काय काय होतं, तेही आहे. सोनं-रुपं आमच्याकडे कुठून? ज्यानं कडबा तोडला, तोच विळा.

पाचवी पुजून होते न होते तोच एखादं बाळ अंगावर ओढेनासं होई. जबडा मिटे, अंग ताठ होई. सटवाईनं नेलं, म्हणत. सटवाईचा काय दोष? बेंबीतून धनुर्वात शिरलेला असे. सुईणीलाही मी दोष देणार नाही. उकळलेलं ब्लेड आणि धुतलेले हात हे तिला सांगायला आम्हीच उशिरा पोचलो. 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण आलं, गरोदर बाईला धनुर्वाताची सुई मिळू लागली. 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनं बाया दवाखान्यात येऊ लागल्या. 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

आता त्याच बेंबीतून जीव वाचवणारी नळी जाते. 1947 च्या सुमारास बोस्टनच्या डॉ. लुई डायमंड यांनी बाळाचं रक्त बदलायला नाळेच्या शिरेत प्लास्टिकची नळी घातली. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या. जन्मानंतर थोडेच दिवस ही वाट उघडी असते. सातव्या महिन्यातलं बाळ पेटीत ठेवलं, हाताची शीर सापडेना, की डॉक्टर हीच वाट धरतात. हे काम खेड्यातलं नव्हे, त्यासाठी मोठा दवाखाना लागतो.

पण नळीचेही धोके आहेत. टोक यकृतात अडकलं तर तिथं इजा होते, हृदयाशी फार आत गेलं तर हृदयाभोवती पाणी साठू शकतं; म्हणून एक्स-रे काढून जागा बघतात. धमनीतल्या नळीनं पायाची बोटं निळी-पांढरी पडली, तर ती बहुधा लगेच काढावी लागते. जंतू शिरतात ते वेगळेच. नळी जितके दिवस जास्त, तितकी भीती जास्त.

धनुर्वात पंधरवड्यात कळायचा. नळीमुळे यकृताकडच्या मोठ्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी मात्र कधीकधी वर्षांनी कळते: पोराची पानथरी वाढते, एक दिवस रक्ताची उलटी होते. तेव्हा जन्मावेळी बेंबीतून नळी घातली होती, हे डॉक्टरला सांगणारं कुणी हवं. आयाबायांनो, पेटीतून सुटलेल्या बाळाचं डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डासोबत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.