दंड कोणास? शिक्षणहक्काच्या इतिहासातील काही पाने

ज्ञातीच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व शिष्यवृत्त्यांच्या याद्या प्रसिद्ध होतात. परंतु ज्या हक्काच्या आधारे आपली मुले शाळेत बसतात, तो कायद्यात कसा आला, ही हकीकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. म्हणून ती येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

1856 च्या जून महिन्यात तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाडच्या एका महार मुलाच्या वतीने सरकारकडे अर्ज गेला. नेहमीची फी देण्यास तो तयार होता; तरीही तेथील सरकारी शाळेने त्यास प्रवेश नाकारला होता. मुंबई सरकारने उत्तर दिले ते मोठे विलक्षण आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलासाठी इतरांच्या मनाविरुद्ध त्यास शाळेत घेतल्यास बाकीच्यांच्या दृष्टीने शाळाच निरुपयोगी होईल, असा त्याचा अभिप्राय पडला. न्याय मान्य, प्रवेश अमान्य! बंगालमध्ये असा नकार मिळाला नसता, असे हिंदुस्थान सरकारने 1857 च्या जानेवारीत कळविले, आणि सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असे लंडनच्या संचालक मंडळाने 1858 मध्ये ठरविले. तरी नकार देणाऱ्यास शिक्षा नव्हती, म्हणून ते तत्त्व पुष्कळ वर्षे कागदावरच राहिले. ज्यांच्या नाराजीची सरकारला धास्ती वाटली ते आपल्यासारख्याच ज्ञातींचे पालक होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

पुढे सक्तीच्या शिक्षणाचा विचार आला. नामदार गोखले यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडले; 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. ब्रिटिश मुलखात जे घडले नाही, ते संस्थानांत घडत होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आरंभ करून 1906 मध्ये सक्ती राज्यभर नेली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहानसहान रक्कम नव्हे; गुरे राखणाऱ्या मुलाच्या श्रमावर घर चालते, हे जाणूनच तो ठेवला असावा. 1919 मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून त्या मुलांस सर्वांबरोबर बसविले. धारवाडच्या अर्जाचे खरे उत्तर आमच्या मते हे होय.

1950 च्या राज्यघटनेने 14 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांत ही सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. मुदत 1960 मध्ये उलटली. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला, 2002 मध्ये घटनादुरुस्ती झाली, आणि 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला.

या कायद्यात दंडाची दिशाच फिरली. मूल शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, परंतु त्यासाठी त्यास दंड नाही. दंड आहे तो शाळेस. प्रवेशासाठी देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटींपर्यंत. मुलाची वा आईबापांची परीक्षा घेतल्यास प्रथम 25,000 व पुढे प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाही. मुलास मारणे वा मानसिक छळ करणे निषिद्ध आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या.

आपले अनेक बंधू फाटकापाशीच हात जोडून परततात, याचे आम्हांस वाईट वाटते. तक्रार लेखी द्यावी. ती स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका वा जिल्हा परिषदेने, दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांच्या आत निकालात काढावयाची असते. तेथे समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.