हरळी, लव्हाळा आणि लोखंडी नांगर

कवींनी गवताचे फार लाड केले. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचा मान दिला. कालिदासाने शरद ऋतू रंगवला तो कांसाच्या पांढऱ्या फुलोऱ्यानिशी. हरळीला तर आपण दूर्वा म्हणतो आणि गणपतीला वाहतो. मीही कविता लिहितो, म्हणून कवींची बाजू मला ठाऊक आहे. पण ज्याच्या परसात किंवा रानात ही गवतं माजली आहेत, त्याचंही एकदा ऐकून घ्यायला हवं.

ही तणं नुसत्या खुरप्याला दाद देत नाहीत. हरळीच्या पेरापेराला कोंब फुटतो. लव्हाळा ओढला की पात हातात येते, गाठ मातीतच राहते. दख्खनच्या काळ्या रानात त्यांच्या जोडीला कुंदा असे. त्याच्या मुळ्या खोल उतरलेल्या. लाकडी नांगर माती चिरत जाई, उलथत नसे. मग उन्हाळ्यात कुदळी घेऊन माणसं रान खणून काढत. ‘पाळंमुळं खणून काढणं’ हे आपल्या भाषेत सहज बोललं जातं. त्यामागे केवढा घाम आहे! ज्याच्याकडे चार-सहा बैलजोड्या किंवा मजुरीला पैसा, त्याचं रान स्वच्छ. एका जोडीच्या कुणब्याने सावड करावी, नाहीतर तण वाढताना पाहावं. रयतवारीत सारा जमिनीवर होता, पिकावर नव्हता. पीक तणाने खाल्लं तरी सारा चुकत नसे.

1903च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. तो माती उलथी करी, मुळ्या वर आणून उन्हात टाकी. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर विकायलाच त्यांना दोनेक वर्षं लागली. हसू नये. ज्याचं सारं घर एका रानावर चालतं, तो नव्या वस्तूकडे संशयानेच बघणार. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हाच नांगर गावोगाव गेला.

स्वातंत्र्यानंतर पाळी आली कांसाची. मध्य भारतातली मोठमोठी रानं त्याने गिळली होती. दुसऱ्या महायुद्धात उरलेले अमेरिकी ट्रॅक्टर घेऊन सरकारने कामाला आरंभ केला. 1949 साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, तेही मुख्यतः या गवताची मुळं उखडणारे जड ट्रॅक्टर आणण्यासाठी. कवींच्या लाडक्या गवतापायी देशाला कर्ज काढावं लागलं!

आता मुळापर्यंत पोचणारी तणनाशकं आहेत. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध ग्लायफोसेट. माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याला धोका म्हणून 2022 साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. परसातल्या लहानशा बागेला मात्र जुनाच धडा पुरतो. वैशाखात खोल खणावं, ढेकळं फोडून तुकडा न् तुकडा वेचावा, कडक उन्हात वाळवावा, खताच्या खड्ड्यात टाकू नये. यंत्राने मुळ्यांचे तुकडे करून मातीत कालवणं म्हणजे हरळीची लागवडच. पहिल्या पावसानंतर पुन्हा बघावं, पुढच्या वर्षीही. एका उन्हाळ्यात साफ झालेली बाग मी तरी पाहिलेली नाही.