नाव बदलले, क्रमांक टिकला

१/ २०२४ मध्ये अहमदनगरचे ‘अहिल्यानगर’ झाले. शहराचा ४१४००१ हा पिनकोड मात्र तसाच राहिला. असे का?

२/ एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते, ही टपाल खात्याची जुनी अडचण. संस्कृत कवी व टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर पिनकोड योजला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला.

३/ पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल-वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा. शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे.

४/ हा जिल्हा महसुली नव्हे. म्हणूनच नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ४१३७०९, संगमनेर ४२२६०५, तर कोपरगाव ४२३६०१.

५/ क्रमांक ठरवताना गावाच्या नावाचा आधारच घेतलेला नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या नावाची पत्रे आजही एकाच टपाल कार्यालयात पोहोचतात.