नाचणीचा हरवलेला पिता

१/ नागोठणे, रोहा, पेण परिसरातील डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत, पावसाळ्यात नाचणी डोलते. तिच्या बांधालगत तिच्यासारखेच दिसणारे एक तण उगवते. शास्त्रज्ञ त्याला ‘इल्युसिनी इंडिका’ म्हणतात. शेतकरी उपटून फेकतो ते हे तण नाचणीच्या मातृकुळातले आहे. तिचा पिता मात्र आजवर कोणालाही सापडलेला नाही.

२/ तणाच्या पेशीत १८ गुणसूत्रे असतात, नाचणीच्या पेशीत ३६. नाचणीच्या पूर्वजांत दोन भिन्न जातींचा संकर झाला. अशा संकरात गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून तो सहसा वांझ राहतो. येथे गुणसूत्रे दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बीज धरले. अशा वनस्पतीला बहुगुणित म्हणतात.

३/ आई कशी ओळखली? वनस्पतीतील हरितलवक बहुधा आईकडूनच येते. नाचणीचे हरितलवक या तणाशी जुळते. गुणसूत्रांचा दुसरा संच मात्र कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही. ती जात बहुधा नामशेष झाली असावी.

४/ दोन घराण्यांचा वारसा एकत्र आला की बहुतेक जनुकांच्या दोन प्रती होतात. एक प्रत काम सांभाळते, दुसरीला मोकळीक मिळते. ती कधी नवे काम शिकते, कधी जुने काम वाटून घेते. सुसुमु ओहनो यांनी १९७० च्या ग्रंथात हा विचार ठामपणे मांडला.

५/ पुष्कळदा मात्र दुसरी प्रत बिघडत जाऊन निकामी होते. तिला छद्मजनुक म्हणतात. ही संज्ञा १९७७ मध्ये एका बेडकाच्या अभ्यासातून रूढ झाली. छद्मजनुक म्हणजे झिजलेला शिलालेख: आज्ञा चालत नाही, पण राजवट कळते.

६/ २०१७ मध्ये बंगळूरच्या संशोधकांच्या पुढाकाराने नाचणीच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला. हे लेख वाचण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

७/ पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात माणसाळलेली नाचणी पुढे भारतात आली आणि कोकणात राब भाजून, रोपे लावून पिकवली जाऊ लागली. गावोगावचे वाण वेगळे झाले. प्रत्येकात त्या अज्ञात पित्याच्या जनुकांचे वेगळे अवशेष असू शकतात.

८/ म्हणून वरकस ओस पडते आणि जुने वाण संपते, तेव्हा केवळ भाकरी हरवत नाही. ज्या पूर्वजाचे अन्य कोणतेही दफ्तर उरलेले नाही, त्याचे एक पान नष्ट होते.