मंत्रचळ आणि काटेकोरपणा

गोंदियांतील एका घरांत दीर आणि भावजय राहत आहेत असें समजावें. दीर राइस मिलची खातेवही लिहितात. एक आकडा खोडला गेला तरी सारें पान पुन्हा लिहावयाचें, आणि हाताखालच्या कारकुनांनींही तसेंच लिहावें, असा त्यांचा हट्ट. त्यापायीं काम आठ-आठ दिवस तुंबतें. वहिनी रात्रींतून वीस वेळां उठून दाराची कडी चाचपतात. कडी लागली आहे हें त्यांना कळतें. तरी पाय अंथरुणांतून निघतातच. शेजारीं दोघांनाही एकच विशेषण मिळतें: फार काटेकोर.

मराठींत वहिनींच्या स्थितीला जुनें नांव आहे. मंत्रांत चूक झाली कीं चित्त चळतें, या समजुतींतून मंत्रचळ हा शब्द आला, आणि आजचे मनोविकारतज्ज्ञही तोच वापरतात. उपपत्ति चुकीची असली तरी शब्द मार्मिक आहे, कारण आपल्या हातून कांहीं राहून तर गेलें नाहीं ना, ही शंकाच या रोगाचें मूळ.

नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ १८६४ सालीं निघालें. गोंदियाहून तें रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर. परंतु १८५८ च्या ३६ व्या कायद्याची नजर मुख्यतः भटकणार्‍या आणि धोकादायक मानलेल्या वेड्यांवर होती. घरांत पहाटेपर्यंत हात धुणार्‍या बाईला मॅजिस्ट्रेटपुढें कोण नेणार? तिच्या रोगाला पुष्कळदां सोंवळ्याचें मानाचें नांव मिळे, इतकेंच.

फ्रान्समध्यें एस्किरोल यांनीं १८३८ सालच्या ग्रंथांत एका व्यापार्‍याच्या मुलीची हकीकत दिली आहे. हिशेबांत चूक होऊन कोणाचें नुकसान होईल या धास्तीनें ती ग्रासली होती, आणि ही धास्ती निराधार आहे हेंही जाणत होती. १८७७ मध्यें जर्मन वैद्य वेस्टफाल यांनीं तेंच लक्षण मानलें: बुद्धि शाबूत असतांना इच्छेविरुद्ध मनांत घुसणारा विचार. दिरांसारख्यांचें चित्र १९०८ मध्यें फ्रॉइड यांनीं रेखाटलें: नीटनेटका, काटकसरी, हट्टी. येथें घुसखोर विचार नाहीं. नियम माणसाला स्वतःचाच वाटतो आणि त्याचा अभिमानही असतो. दोन्ही स्थितींना इंग्रजींत जवळजवळ एकच नांव पडल्यानें घोटाळा वाढला. अमेरिकन वर्गीकरणानें १९८० मध्यें एकीला विकारांत आणि दुसरीला व्यक्तिमत्त्वदोषांत बसविलें. कधीं कधीं एकाच माणसांत दोन्ही आढळतात, हेंही खरें. पूर्णत्वाचा ध्यास आणखीही कोठें दिसतो. १८७३ मध्यें लंडनच्या गल यांनीं नांव दिलेल्या अन्नत्यागाच्या रोगांत तो शरीराच्या वजनावर खिळतो; विषादांत तो स्वतःस दोष देण्याच्या रूपानें येतो आणि बहुधा रोगाबरोबर ओसरतो.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. १९६६ मध्यें लंडनला व्हिक्टर मेयर यांनीं रोग्यांना भीतीसमोर ठेवून धुण्या-तपासण्याची क्रिया मात्र रोखली, आणि मंत्रचळ हटूं लागला. औषधेंही पुढें आलीं. दिरांच्या स्वभावाला असें नेमकें औषध नाहीं. तेथें दीर्घकाळ संभाषणानेंच उपचार करावे लागतात, आणि असा माणूस आपण होऊन वैद्याकडे क्वचितच जातो. त्याच्या जाचानें थकलेले घरचे लोकच आधीं जातात.

आणि या घरांत वहिनींना सल्ला देतात ते दीरच: “वहिनी, एकदांच पाहा, पण नीट लक्ष देऊन पाहा.” त्यांच्या मतें हाच उपाय. परंतु २००३ मध्यें डच संशोधकांनीं निरोगी माणसांना एकच शेगडी वारंवार तपासावयास लावली, तेव्हां त्यांची आठवण अचूकच राहिली, पण तिच्यावरचा विश्वास मात्र ढासळला. दिरांचा सल्ला ऐकून वहिनी पुन्हा उठतात, दिवा लावतात, आणि कडीकडे अधिकच लक्ष देऊन पाहतात.