लहरीचं विष

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगली जिल्ह्यातच जत-आटपाडीकडे मृग कोरडा जातो. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच : पाऊस लहरी झालाय. सकाळी हो म्हणून दुपारी नाही म्हणणारा पाहुणाही लहरीच.

रूढ व्युत्पत्ती सोपी आहे. संस्कृत ‘लहरी’ म्हणजे लाट, जगन्नाथ पंडिताच्या ‘गंगालहरी’तली, मन लाटेसारखं हेलकावतं, म्हणून माणूस लहरी. मला हे पुरेसं वाटत नाही. लाटेला ताल असतो, एकीमागून दुसरी येणारच. ज्याचा नेम नाही त्याला तिचं नाव का चिकटावं?

याचा धागा मला ज्ञानेश्वरीत सापडला. शके १२१२, म्हणजे १२९०चा हा ग्रंथ. दुसऱ्या अध्यायात अर्जुन शोकाने व्याकूळ आहे. लहर त्याला क्षणभर सोडते आणि पुन्हा व्यापते. ज्ञानदेव म्हणतात, ही साधी ऊर्मी नव्हे. याला महामोहाचा काळसर्प डसला आहे, म्हणून लहरी थांबत नाहीत. मग श्रीहरी गारुडी होऊन धावत येतो. इथे लहर म्हणजे विषाचा झटका. माणूस शुद्धीवर आला असं वाटतं न वाटतं तोच पुन्हा जातो. केव्हा, ते कुणाच्याच हाती नसतं. आपण ‘लहर आली’ म्हणतो तेव्हा हाच अर्थ बोलतो. ‘आली लहर, केला कहर’ या म्हणीतही माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो.

यावर आक्षेप येईल की विषाची लहर तरी पाण्यावरूनच आली. आली असेल, आजोबा पाणीच. पण बाप विष, असं माझं म्हणणं. बोलताना समुद्राची, पुराची, उष्णतेची आपण लाट म्हणतो. पाण्याचं काम लाटेने उचललं आणि लहर माणसाच्या अंगात राहिली.

डसलेल्या अंगावरून हा शब्द स्वभावावर कसा सरकला? माझ्या मते मांत्रिक-गारुड्यांच्या तोंडून. नागपंचमीला जिथे पूर्वी जिवंत नाग पुजले जात, ते बत्तीस शिराळा सांगली जिल्ह्यातलंच. विष चढणं-उतरणं ही ज्या मुलखाची रोजची भाषा, तिथे मर्जी फिरलेल्या माणसालाही ‘लहर उतरू दे त्याची’ म्हणायला वेळ लागला नसणार.