मालवण किनाऱ्यावरील मांगर : जीर्णता आणि दुरुस्तीची परंपरा

१

मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी आरंभ झाला व १६६७ साली ते पूर्णतेस गेले. ह्या दुर्गाचा तट, त्याचे बुरूज, त्याच्या पायात ओतलेले शिसे यांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झालेले आहे. दुर्गासमोरच्या किनारपट्टीत भातशेताच्या कडेस उभ्या असणाऱ्या मांगरांचा विचार मात्र इतिहासाभ्यासकांनी क्वचितच केला आहे. कारण उघड आहे. दुर्ग चिऱ्यामोऱ्यांचा, म्हणून टिकला. मांगर माती, बांबू आणि पेंढा यांचा, त्यामुळे तो टिकत नाही. शिवकालीन म्हणून निश्चयाने बोट ठेवता येईल असा मांगर दाखविणे कठीण आहे.

तथापि मांगराचा घाट टिकून राहिला आहे. जिचा प्रत्येक नमुना दोन-चार पावसाळ्यांत मोडकळीस येतो, अशी वास्तू पिढ्यानुपिढ्या त्याच रूपाने कशी टिकते, हा प्रश्न ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर बांधकामाच्या इतिहासात सापडत नाही; ते दुरुस्तीच्या इतिहासात शोधावे लागते.

२

मांगर म्हणजे राहत्या घरापासून काही अंतरावर, शेतात अथवा बागेत उभारलेली शेतीच्या कामाची इमारत होय. गोठा, कोठार आणि वैरणीची वखार ह्या तिहींचे काम एका छपराखाली करणारी वास्तू असे म्हटल्यास देशावरील वाचकास तिची कल्पना येईल. खाली बैल व नांगर-जू, वर माळ्यावर पेंढा, एका बाजूस शेणाने सारवलेल्या कणगीत अथवा पेंढ्याने आवळलेल्या मुडीत भात, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असते. सुगीच्या दिवसांत मळणीचे खळे तिच्याच पुढ्यात केले जाते.

जुन्या पद्धतीच्या मांगराची बांधणी साधी असे. दुबेळक्याच्या मेढी पुरून त्यांवर आढे चढवीत. आढ्यापासून खाली वासे सोडून त्यांवर बांबूच्या रिपा बांधीत आणि त्यांवर गवताचे किंवा पेंढ्याचे केंबळ घालीत. भिंती मातीच्या, कोठे जांभ्याच्या चिऱ्यांच्या. हा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व उघड्यावर राहिल्याने कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन ह्याने मलबारात पाहिलेल्या ह्याच जातीच्या दगडास १८०७ साली ‘लॅटराइट’ हे नाव दिले. सांध्यांना लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याचा सुंभ वापरीत. खाऱ्या वाऱ्यात खिळा गंजतो व गंजताना लाकडासही खातो. काथ्या खारटपणास दाद देत नाही. शिवाय सुंभाची गाठ सोडता येते. जी वास्तू दरवर्षी उकलावयाची आहे तिला हा गुण मोलाचा होता.

३

मालवण परिसरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. नैर्ऋत्येकडून येणारी झड भिंतीवर तिरपी आदळते, म्हणून समुद्राकडील पाखे अधिक खाली उतरवून वळचण जमिनीच्या जवळ आणण्याचा प्रघात होता. त्या बाजूस पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधून मातीच्या भिंतीस आडोसा करीत. पागोळ्यांचे पाणी उसळून भिंतीचा पाया खाते, तेथे दरवर्षी माती-शेणाचा गिलावा नव्याने द्यावा लागे.

जीर्णतेचा दुसरा मार्ग जमिनीतून येतो. गोठ्याच्या जमिनीत मुरलेले शेण-मूत व ओल यांनी खांबाचा बुडखा प्रथम कुजतो. वरचे लाकूड त्या वेळी धडधाकट असते. म्हणून जाणता सुतार खांब बदलत नसे. छपरास टेकू देऊन तो कुजका भाग कापी आणि खाली जांभ्याचा तळखडा सरकवी. अशा रीतीने एकच खांब दर दुरुस्तीत थोडा आखूड आणि त्याखालचा दगड थोडा उंच होत जाई. तळखड्याची उंची ही म्हणजे त्या मांगराच्या वयाची एक प्रकारची नोंदच होय, आणि क्षेत्रपाहणी करणाऱ्या अभ्यासकाने ती अवश्य टिपावी.

तिसरा शत्रू कीड. राहत्या घरात चुलीचा धूर अहोरात्र छपरात मुरतो व त्यामुळे वासे-रिपांना भुंगा सहसा लागत नाही. मांगरात चूल नसते. गुरांना डास चावू नयेत म्हणून केलेली धुरी एवढाच त्याला धूर. त्यामुळे सारख्याच साहित्याचा मांगर घराच्या आधी जीर्ण होतो. ह्यावर बांबू वाहत्या पाण्यात बुडवून मग वापरणे, लाकडास काजूच्या टरफलाचे तेल चोपडणे असे उपाय रूढ झाले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ह्या किनाऱ्यावर आणले. तेव्हा ‘परंपरागत’ म्हणून गणला जाणारा हा दुसरा उपायही एका विशिष्ट ऐतिहासिक घटनेचा परिणाम आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ह्या सर्व कामांचे पंचांग ठरलेले असे. कार्तिकात भात झोडल्यावर पेंढा हाती येई, उन्हाळ्यात झावळ्या विणून झाप तयार होत आणि वैशाखात शाकारणी लागे. २५ मेच्या सुमारास रोहिणी निघते व ७-८ जूनला मृग. मृगाच्या आत छप्पर झाकलेच पाहिजे, ही ह्या वेळापत्रकाची कडक मर्यादा. उतरविलेले कुजके केंबळ फुकट जात नसे; ते शेणखतात अथवा तरव्याच्या भाजावळीत जाई. शेताने छप्पर द्यावयाचे आणि छपराने पुन्हा शेतास खत द्यावयाचे, असे हे चक्र होते. त्यामुळे शाकारणी हे शेतीच्या कामांपैकीच एक काम ठरे व तिचा खर्च वेगळा मोजला जात नसे. न मोजलेल्या खर्चाची नोंद दप्तरात होत नाही, हेही ओघाने आलेच.

४

तरीही लेखी साधने अगदीच मूक आहेत असे नाही. १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांस लिहिलेले शिवाजी महाराजांचे पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेस उपद्रव न देण्याच्या आज्ञेसाठी ते नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्यातील मोठा भाग वैरणीच्या साठ्याविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे व गवत बेहिशेबी वापरले तर भर पावसात जनावरे उपाशी मरतील, असा इशारा त्यात आहे. कोणी आगटी पेटवील, कोणी चिलीम ओढील, जळत्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल, आणि एका खोपटास लागलेली आग गवत व सारी छावणी जाळून टाकील, ही भीतीही तपशिलाने मांडलेली आहे. हे पत्र मालवणचे नव्हे. परंतु पाऊस, पेंढा आणि गवती छप्पर ही त्रयी साऱ्या कोकणात एकच असल्यामुळे मांगराच्या अभ्यासकास ते प्रमाण मानण्यास हरकत नाही. वैरण आणि छप्पर एकाच पदार्थाची असणे ही ह्या वास्तूची सोय होती आणि तोच तिचा सर्वांत मोठा धोका होता.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रातही दोन गोष्टी उपयुक्त आहेत. तटावर वाढणारी झाडे-झुडपे वेळच्या वेळी कापून काढावीत असे तेथे बजाविले आहे. म्हणजे चिरेबंदी दुर्गालाही अखंड निगा लागते हे राज्यकर्ते जाणून होते. दुसरे म्हणजे आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसास तिच्या संमतीवाचून हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे त्यात सांगितले आहे. हीच झाडे शेतकऱ्याच्या खांब-तुळयांचाही साठा होत. बंदराची गलबते आणि शेतातले मांगर ह्यांची लाकडाची गरज एकाच परसावर येऊन भिडत होती.

५

मोठे स्थित्यंतर कौलाने घडविले. गवताऐवजी कुंभाराच्या चाकावरचे नळे घालण्याची रीत जुनी होतीच. परंतु नळे सरकतात, माकडे ते फोडतात, म्हणून दरवर्षी ते चाळावे लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगलोर येथे यांत्रिक कौलांचा कारखाना सुरू केला. एकमेकांत अडकणारी ही कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली आणि प्रथम घरांवर व मागाहून मांगरांवरही चढली.

ह्या बदलाने आगीचे भय गेले व वार्षिक श्रम घटले, हे निःसंशय. पण त्याचे इतर परिणामही झाले. मंगलोरी कौलांचा भार केंबळाहून पुष्कळ जास्त असल्याने पूर्वीचे बांबूचे वासे अपुरे पडले आणि समान अंतराच्या कापीव रिपा लागू लागल्या. एक कौल फुटले तर त्याच साच्याचे दुसरे विकत आणणे भाग पडले. दुरुस्ती शेताच्या हिशेबातून निघून बाजाराच्या हिशेबात गेली. पुढे आलेल्या पन्हळी व सिमेंटच्या पत्र्यांनी हाच क्रम पुढे चालविला. साहित्य जितके टिकाऊ झाले तितकी त्याची निगा घरच्या हातांबाहेर गेली.

६

त्याच काळात हे हातही दूर जात होते. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कामकरी मनीऑर्डरीने घर चालवी व शक्य झाल्यास वैशाखात गावी येई. तेव्हाच शाकारणीचे जड काम उरकले जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा पैशाचा ओघ आटला. वाडीतील माणसांनी एकमेकांचे छप्पर घालून देण्याची रीतही माणसांच्या अभावी क्षीण झाली.

स्वामित्वाचा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा आहे. जमीन दुसऱ्याची असताना कुळाने चिरेबंदी मांगर बांधणे जोखमीचे होते. गवती छपराच्या दीर्घ आयुष्यामागे दारिद्र्याइतकीच ही अनिश्चितताही असावी. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी अनेक कुळांस मालकी मिळवून दिली. परंतु दोन पिढ्यांत तीच मालकी वारसांच्या नावांनी विभागली गेली. सातबारावर नावे अनेक, त्यांतील बहुतेक परगावी. पडक्या मांगराचा खांब बदलण्यास संमती सर्वांची हवी आणि खर्च मात्र गावी राहणाऱ्या एकट्याने करावयाचा, अशी स्थिती सामाईक मिळकतीत सर्वत्र आढळते. पूर्वी कुळास हक्क नव्हता, पण दुरुस्ती त्याच्यावाचून होत नसे. आज हक्क अनेकांस आहे आणि दुरुस्तीचे कर्तव्य कोणाचेच नाही.

७

ह्या स्थितीचे गांभीर्य १६ मे २०२१ रोजी प्रकट झाले. ‘तौक्ते’ चक्रीवादळ त्या दिवशी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे सरकले. देवगड, मालवण, वेंगुर्ले ह्या तालुक्यांत घरांची छपरे उडाली व झाडे कोसळली. वादळ शाकारणीच्या ऐन हंगामात आले आणि मृगास जेमतेम तीन आठवडे उरले होते. नुकसानभरपाईचा पाया असलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत गोठ्यासाठी स्वतंत्र बाब आहे: २०१५ पासूनच्या निकषांत दर गोठ्यास २,१०० रुपये, तर २०२२-२६ ह्या काळासाठी ३,००० रुपये. मात्र तेथे शब्द आहेत ते ‘घरास जोडलेला गोठा’ असे. मांगराचे लक्षणच असे की तो घरास जोडलेला नसतो. जो शतकानुशतके महसुली दप्तरात उमटला नाही, तो भरपाईच्या शब्दांतूनही अशा रीतीने निसटतो.

मांगर जतन करावयाचा म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. काही ठिकाणी जुने मांगर पर्यटकांच्या निवासासाठी सजविले जात आहेत. त्यांत भिंती आणि छप्पर राहतात. बैल, पेंढा आणि भाजावळ राहत नाहीत. उलटपक्षी ज्या शेतकऱ्याने केंबळ उतरवून पत्रा घातला पण आत गुरे व वैरण ठेवली, त्याचा मांगर रूपाने बदलूनही कामाने टिकला आहे. ह्या दोहोंपैकी परंपरेचे सातत्य कोठे मानावयाचे हे ठरविताना एवढे लक्षात घ्यावे लागेल की, मांगराची ‘मूळ’ अवस्था अशी कधीच नव्हती. खांब आखूड होत गेला, दगड चढत गेला, छप्पर दर वैशाखात नवे झाले. आणि ह्या अदलाबदलीलाच लोक आपला जुना मांगर म्हणत आले. म्हणून दुरुस्तीचे साहित्य, तिचे हात आणि तिचा हक्क ह्या तिहींची नोंद, ती जाणणारी माणसे हयात आहेत तोवर, गावोगाव करून ठेवणे हे कोकणच्या कृषीतिहासाचे निकडीचे काम आहे. दुर्गाचा तट अभ्यासकाची वाट पाहू शकेल. मांगराचा तळखडा तेवढा थांबणार नाही.